पाठीला लागलेली माती

"हे पत्र भिंतीला लागणार न्हाई," बाबूराव खोत म्हणाले आणि यल्लव्वाचं पत्र त्यांनी माझ्या टेबलावर पालथं ठेवलं.

अब्बा पलीकडे पायाचं यंत्र चालवत होते. त्यांनी पाय थांबवला. यंत्र थांबलं की आमचा छापखाना एकदम उघडा पडल्यासारखा वाटायचा. बोललेलं सगळं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

"का नाही लागणार, वस्ताद?" मी विचारलं.

"का, ते तुला ठावं हाय."

"मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."

"रेहाना," अब्बा म्हणाले. माझं नाव ते दोन प्रकारे घ्यायचे, लाडानं आणि दटावून. हा दुसरा प्रकार होता.

खोतांनी तेव्हा साठी ओलांडली होती, पण दारातून आत येताना अजून खांदा तिरका करावा लागायचा. मान आणि डोकं एकाच रुंदीचं, दोन्ही कान मोडून गड्डा झालेले. बाजारातून चालले की भाजीवाल्या टोपल्या मागे ओढायच्या. आमच्या गावच्या तालमीचे ते वस्ताद. पंचक्रोशीत त्यांची एकच ओळख सांगितली जायची, की या माणसाच्या पाठीला कधी माती लागली नाही. पोरं त्यांच्या पाया पडताना पाठीकडे बघायची, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या वर्षी तालमीचा सुवर्णमहोत्सव होता. तालमीच्या सोप्यात जुन्या पैलवानांच्या हस्तलिखित पत्रांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि ती पत्रं माझी होती.

माझी म्हणजे मी जमवलेली. आमच्या छापखान्यात आजोबांच्या काळापासून कुस्ती मैदानांची पत्रकं छापली जायची. जोडीजोडीनं नावं, मध्ये 'विरुद्ध', आणि प्रत्येक नावापुढे 'पै.'. पैलवानातला पै. एक अक्षर आणि एक टिंब, पण ती जोडी इतकी लागायची की अब्बांनी ती जुळवून, दोऱ्यानं बांधून एका वेगळ्या खान्यात ठेवली होती. मी चौदाव्या वर्षी छपाईचे खिळे जुळवायला बसले, तेव्हा आधी तो खाना शिकले. पुढे माळ्यावरची जुनी पत्रकं चाळताना मनात आलं, ही एवढी माणसं गेली कुठे? मग मी एकेकाला पत्र टाकायला लागले. 'तुमची एक कुस्ती, जी तुम्हाला विसरता येत नाही, ती स्वतःच्या हातानं लिहून पाठवा.'

स्वतःच्या हातानं, ही माझी अट. मुलाच्या किंवा मास्तरच्या हातचं चालणार नाही. एका पैलवानानं शाळामास्तराकडून झोकदार अक्षरात लिहून घेतलेलं पत्र पाठवलं, तर मी ते तसंच परत केलं. अब्बा म्हणाले, "तू काय कलेक्टर लागून गेलीस?" पण महिन्याभरानं त्याच पैलवानाचं दुसरं पत्र आलं. अक्षरं आडवीतिडवी, कागद पेनाच्या दाबानं फाटलेला, आणि शेवटी 'आता बस'. ते माझं सगळ्यात लाडकं पत्र होतं.

कारण ते हात लिहायचे नव्हतेच. बोटं मोडून जुळलेली, पंजे फावड्यासारखे. त्यांनी पेन धरायचं म्हणजे म्हशीनं सुई ओवायची. तरी त्यांनी लिहिलं. कुणी दवाखान्याच्या चिठ्ठीमागे लिहिलं, कुणी मुलीच्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला. कुणाला मोळी डाव शब्दांत सांगता येईना म्हणून त्यानं चित्र काढलं, आणि ते चित्र दोन माणसांपेक्षा एका विंचवासारखं दिसत होतं. आण्णाप्पा चौगुले तर तालमीतले सर्वांत थोरले, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी एका पानाला अख्खा उन्हाळा घेतला, पण दिलं.

खोतांचंही पत्र होतं, 'पाठीला कधी माती लागली न्हाई' असं सांगणारं. खाली सही 'पै. बाबूराव खोत', आणि त्या 'पै.'ची मात्रा अशी फर्राटेदार की वरच्या ओळीला जाऊन भिडलेली.

अशाच एका जुन्या पत्रकावर मला एक जोड दिसली होती. 'पै. बाबूराव खोत विरुद्ध पै. हणमंत देवकुळे.' उरसातलं मैदान. देवकुळे कुठले, तर खाणीवरचे, वडारवाडीतले, एवढं अब्बांना आठवत होतं. मी त्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर आलं ते हणमंताचं नव्हतं.

'हणमंता मेला. मी त्याची भैन यल्लव्वा. ती कुस्ती त्यानं केली न्हाई. त्याचा हात खाणीत चेंगारला हुता. लोक बसून हुते, खोत कुस्तीच्या हौद्यात शड्डू मारून वरडत हुता कुटं हाय वडार कुटं हाय. मग मी उतरले. खोतानं हासत सलामी दिली. म्या त्याला चीत केला. पाठ मातीला लागली, दोनी खांदं लागलं. पंचानं माजा हात वर केला न्हाई. लोक हासून हासून लोळलं. पत्रकावर भावाचं नाव हुतं, म्हनून भाऊ आला न्हाई असं ठरवून खोताला इनाम दिलं. माजं वय तवा वीस. तुमी हातानं लिवा म्हनलाय म्हनून लिवलं.'

ते वाचून मी सायकल काढली आणि खाणीवर गेले.

यल्लव्वा दगडाच्या ढिगावर बसून खडी फोडत होती. उंच, हाडापेरानं दणकट, केस पांढरे, कपाळावर गोंदण. मी कोण ते सांगितलं. तिनं हातोडा खाली ठेवला नाही.

"खरं का म्हून ईचाराय आलीस?"

"नाही," मी म्हणाले. "खरंय ते कळलं. दुसरंच विचारायला आले. तुम्ही कुस्ती शिकलात कुठं?"

तेव्हा तिनं हातोडा ठेवला. "भावाला जोड कुटं मिळायची? तालमीत वडाराच्या पोराला कोन घेतंय? मंग रोज सांजंला हितंच, ह्या खाणीत, तो आन मी. दगूड उचलून अंग तयारच हुतं. तो मला पाडायचा, मी त्याला. धा येळला पाडलं की चार येळला पाडून घ्यायचं." ती हसली. "कुनी कुनाला, ते ईचारू नगंस."

"प्रदर्शनात लावू का पत्र?"

"लाव की. लावाय तर लिवलं." मग म्हणाली, "माज्या नावाम्होरं काय लिवनार?"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती, खडीकडे बघत होती.

"तुमच्या त्या कागदावर समद्यांच्या म्होरं आसतंय. पै. म्हून. माज्या भावाच्या म्होरं हुतं. त्यानं कुस्ती केली न्हाई तरी हुतं."

"तुमच्याही पुढे असेल," मी म्हणाले.

असा शब्द मी देऊन बसले होते, आणि आता खोत माझ्यासमोर उभे होते.

"वस्ताद, पत्रात लिहिलंय ते खोटं आहे का?" मी विचारलं.

"खरं-खोट्याचा सवालच न्हाई. त्याला कुस्ती म्हनत न्हाईत. उरसात लोकं बसली हुती, एक बाई खुळ्यावानी हौद्यात शिरली, जरा गंमत झाली. गंमत भिंतीला लावतीस व्हय?"

"सलामी दिली होती तुम्ही."

खोतांनी मान वळवून अब्बांकडे बघितलं. "मुल्लाणी, पोरगी लई शिकवलीस."

"शिकवली नाही, वस्ताद," अब्बा हात पुसत म्हणाले. "ती तशीच आली."

अब्बांचं हे वाक्य मी जन्मभर जपून ठेवलंय. पण त्या वेळी त्यांचा चेहरा पडला होता. तालमीचीच नव्हे, आसपासच्या सगळ्या मैदानांची पत्रकं आमच्याकडे यायची ती खोतांच्या शब्दावर. त्यांनी नकाराची मान हलवली असती तर दुसरा छापखाना चालायला लागला असता.

खोत जरा मऊ झाले. स्टूल ओढून बसले. स्टूल करकरलं. "हे बघ पोरी. मी काय राक्षस न्हाई. म्हातारी गरीब हाय, लाव तिचं पत्र. पर कोपऱ्यात लाव. वर लिव, 'गमतीची आठवण'. आन ते तू जुळवून ठेवलंयस ते काड." त्यांनी बोट दाखवलं. माझ्या टेबलावर पत्रांखाली लावायच्या नावांच्या पट्ट्या वाळत होत्या. तिची पट्टी वरच होती. 'पै. यल्लव्वा देवकुळे.' "तेवडं 'पै.' काड. बास. माझंबी ऱ्हायलं, तिचंबी ऱ्हायलं, तुमचं कामबी ऱ्हायलं."

"आणि नाही काढलं तर?"

"तर तुझं एकबी पत्र तालमीत लागत न्हाई."

ते उठून गेले. त्यांच्या मागं दार बराच वेळ हलत होतं.

 मग मी बोलले, आणि बोलले म्हणजे भांडले, भांडायला समोर कोणी नसताना. बाईनं उतरायचं नाही, उतरली तर जिंकायचं नाही, जिंकली तर ती गंमत! अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग यंत्रावर पाय ठेवून म्हणाले, "तुझी पत्रं, तुझा शब्द. पण म्हातारीला विचार. कोपरा तिला मिळणार आहे, तुला नाही. ती हो म्हणाली तर तू तुझा ताठा तिच्या नावावर चालवू नकोस."

हे खरं होतं आणि मला ते आवडलं नाही. तरी मी पुन्हा खाणीवर गेले.

यल्लव्वानं सगळं ऐकलं. 'गमतीची आठवण' हे शब्द मी पुटपुटत सांगितले. तिनं मला ते मोठ्यानं सांगायला लावले.

"गंमत," ती म्हणाली. "उरसानंतर माजं लगीन मोडलं. म्हाईत हाय? पोराचा बा म्हनला, आमाला सून पायजे, पैलवान नगं." ती खळखळून हसली. "बग, त्यो एकटाच मानूस. त्यानं मला पैलवान म्हनलं."

मला हसू येईना.

"न्हाई पोरी. कोपऱ्यात बसाय मी काय चप्पल हाय? लावायचं तर समद्यांच्यात लाव. न्हाईतर कागूद माजा मला दे, चुलीत घालते."

"मग समद्यांच्यात लावते," मी म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी या."

"बाईमानसाला तालमीत घेत न्हाईत."

"हौद्यात घेत नाहीत. सोप्यात प्रदर्शन आहे, सोपा सगळ्यांना मोकळा आहे."

"बगू," ती म्हणाली आणि हातोडा उचलला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सकाळी लवकर तालमीत गेले. आमच्या तालमीत एका कोनाड्यात मारुती आणि दुसऱ्या कोनाड्यात पीर. दोघांनाही उदबत्ती लावून झाली होती. पोरं सोप्याला फुलांच्या माळा बांधत होती. मी भिंतीवर दोऱ्या ताणल्या आणि चिमट्यांनी एकेक पत्र लावत गेले. खोतांचं पत्र मधोमध, कारण ते वस्ताद होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्याच्या शेजारी यल्लव्वाचं. खाली पट्टी. उरसाच्या पत्रकावर ती दोन नावं शेजारी छापली होती, मी तशीच लावली. मुद्दाम लावली. मला त्यांना डिवचायचंच होतं, उगाच साळसूदपणा कशाला करू?

नऊच्या सुमाराला माणसं यायला लागली. फेटे, पांढरी धोतरं, मोडक्या कानांची सगळी जुनी फौज. माझ्या पत्रांतली माणसं पहिल्यांदाच मी एकत्र बघत होते. आपापलं पत्र शोधायची, सापडलं की बोट लावून वाचायची, आणि शेजारच्याला म्हणायची, "हे माजं. म्या लिवलंय." त्यांच्या आवाजात मैदान मारल्याचा तोरा होता. विंचवाच्या चित्रासमोर तर भांडण जुंपलं, की यातला वरचा कोण आणि खालचा कोण.

मग खोत आले. पोरं बाजूला झाली. ते मधोमध आले, आधी आपलं पत्र बघितलं, मग शेजारचं. त्यांच्या गळ्यापासून लाली वर चढताना मला दिसली.

"कुनी लावलं हे?"

"मी," मी म्हणाले.

"काड."

"नाही काढणार. काढायचं असेल तर माझी सगळी पत्रं काढते आणि घरी जाते. एकटं तिचं निघणार नाही."

 खोतांनी हात उचलला, चिमट्याकडे नेला. मी मध्ये सरकले. माझं डोकं त्यांच्या छातीपर्यंत पोचत होतं. तरी मी हलले नाही.

"त्या पोरीला काय दरडावतोस?" दारातून आवाज आला. "कागूद माजा हाय. मला ईचार."

यल्लव्वा उंबऱ्यावर उभी होती. धुवट हिरवं लुगडं, पदर खोचलेला. बाजूच्या पोरांनी तिला वाट दिली, का दिली ते त्यांनाही कळलं नसावं. ती आत आली आणि खोतांच्या समोर उभी राहिली. उंचीला दोघं सारखेच होते. माझ्या हे आधी लक्षात आलं नव्हतं.

"वळखलंस का?" ती म्हणाली.

"न्हाई."

"मंग कागदाला का भितोस?"

कुणीतरी फसकन हसलं. तिथं खोतांचा तोल सुटला. इतक्या वर्षांत भरल्या लोकांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी सगळ्या सोप्याकडे तोंड केलं आणि हात पसरून, घसा फाडून म्हणाले, "ऐका रं समदी! लई झालं ह्या म्हातारीचं. उरसात ही बाई उतरली हुती, व्हय. मी पडलो, तेबी खरं. पर मी मुद्दाम पडलो! बाईमानूस म्हून अंग सोडून दिलं! तिच्या अंगाला झटाय मला लाज वाटली, म्हून पडलो. आता कळलं?"

त्यांना वाटलं, झालं, मिटलं. त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. पण सोप्यातल्या जुन्या माणसांपैकी एकजणही हलला नाही. मला क्षणभर कळेना काय झालं. तोंडं अशी झाली होती की जणू कुणी मारुतीसमोर थुंकलंय.

यल्लव्वाला कळलं होतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे नुरा केलीस."

नुरा कुस्ती म्हणजे ठरवून केलेली, खोटी. लढल्याचं दाखवायचं आणि अंग सोडून पडायचं. तालमीत पोरगं पहिल्यांदा हौद्यात उतरतं, तेव्हा मारुती आणि पीर दोघांसमोर त्याच्याकडून एकच शपथ घेतात, की हरलो तरी चालेल, नुरा करणार नाही. हरलेल्याला पोटाशी धरतात. नुरा केलेल्याला पुन्हा मातीत पाय ठेवू देत नाहीत, त्याचं 'पै.' जातं, पत्रकावर त्याचं नाव नुसतं छापतात. तसं एकदा आम्ही छापलंही होतं. आणि ते छापायला सांगणारे वस्ताद खोतच होते. त्या पोराच्या आईनं पाय धरले, तरी त्यांनी ऐकलं नव्हतं.

"नुरा कुठली?" खोत म्हणाले. "बाई हुती म्हून..."

"सलामी दिलीस का न्हाई?" हा आवाज आण्णाप्पांचा. भिंतीशी खुर्चीत बसलेले आण्णाप्पा काठी टेकून उभे राहायला बघत होते. दोघांनी त्यांना धरलं.

"दिली हुती, आण्णा. पर..."

"बाबू, मी बांधावर बसून बगत हुतो त्या दिवशी. सलामी दिली, म्हंजे कुस्ती धरली. समोर बाई हाय का म्हस हाय, ते सलामीच्या आदी बगायचं. सलामीनंतर अंग सोडलं, तर ती नुरा. आमच्या वस्तादांनी तेच सांगितलं, तूबी पोरांना तेच सांगत आलास."

"आण्णा, तुमी मला..."

"मी तुला कायबी म्हनत न्हाई. तूच म्हनालास. समद्यांनी ऐकलं." आण्णाप्पांचा आवाज थरथरत होता, पण शब्द स्वच्छ होते. "आता एक सांग. अंग सोडलंस, का तिनं पाडलं? दोनीतलं एकच आसतंय."

तालमीतली तरणी पोरं पुढे सरकली होती. ती खोतांच्या पाठीकडे नाही, तोंडाकडे बघत होती. त्यातल्या बहुतेकांना तालमीत घेताना त्यांनी स्वतःच्या हातानं माती लावली होती. मला खोतांची दया आली, असं लिहिलं तर छान दिसेल. पण आली नाही. मला आनंद झाला. कानशिलं तापेपर्यंत आनंद झाला. एवढ्या वर्षांनी लिहिताना मी तो झाकत बसणार नाही.

 यल्लव्वा हात कमरेवर ठेवून, उतावीळ न होता उभी होती. पंचाच्या निकालाला थांबलेली माणसं अशीच उभी राहतात.

खोतांनी उपरणं काढून हातात घेतलं. ते पिळलं. मग खाली मान घालून म्हणाले, "पाडलं."

"मोठ्यानं," यल्लव्वा म्हणाली.

"पाडलं! तिनं पाडलं मला!" आणि एकदा सुटल्यावर ते थांबेनात. "मी हासत सलामी दिली, आन हासू तोंडावर आसतानाच आभाळ दिसलं. पाठीखाली माती गार लागली. लोकं हासत हुती. मला वाटलं मला हासत्यात. मी पंचाकडं बगितलं, त्यानं डोळा मारला. मी उठलो, इनाम घेतलं. बास, एवडंच हाय. घरी गेल्यावर आई पाठ चोळाय बसली, म्हनाली माती कुटली रं ही? मी म्हनलो मेहनत केली." त्यांनी सोप्यावर नजर फिरवली. "नुरा केली न्हाई म्या. जल्मात कधी केली न्हाई. एवडं ध्यानात ठेवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलंही नाही. आण्णाप्पा परत खुर्चीत बसले आणि "झालं," एवढंच म्हणाले.

मी दोरीवरचं खोतांचं पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "वस्ताद, हे मी परत करते. यात पाठीला माती लागली नाही असं आहे. मला दुसरं हवंय."

"आत्ता?"

"आत्ता. तुमच्या हातानं."

पोरांनी टेबल ओढलं. मी कोरा कागद ठेवला, पेन दिलं. खोत बसले. पेन त्या बोटांत काडीएवढं दिसत होतं. ते लिहायला लागले आणि सगळा सोपा त्यांच्या मागे वाकला. लिहून झाल्यावर कागद त्यांनी माझ्याकडे दिला नाही. यल्लव्वाकडे सरकवला.

ती एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. "उरसात... यल्लव्वा देवकुळे हिनं... मला चीत केलं. ...दोनी खांदं लागलं. ...कुस्ती खरी झाली. ...बाबूराव खोत."

सहीपुढे 'पै.' नव्हतं. ती फर्राटेदार मात्रा नव्हती. नुसतं 'बाबूराव खोत', शाळकरी पोरानं पाटीवर लिहावं तसं.

"डाव लिवला न्हाईस," यल्लव्वा म्हणाली.

खोतांनी वर बघितलं.

"नुसतं चीत केलं म्हंजे काय? वाऱ्यानं पडलास? कुठल्या डावावर, ते लिव."

"ढाक," खोत म्हणाले.

"लिव की मंग."

त्यांनी लिहिलं. जागा नव्हती म्हणून ओळीच्या वर लिहिलं.

"कुठल्या अंगानं?"

"डाव्या," ते म्हणाले आणि न सांगता तेही लिहिलं. आणि मग, बहुधा स्वतःशीच, "लई चपळ हुतीस. मानंवर हात कधी आला कळलंच न्हाई."

"ते नगं लिवू," यल्लव्वा म्हणाली. "ते मला ठावं हाय."

कागद तिनं पुन्हा हातात धरला. डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला.  मग तिनं तो परत टेबलावर ठेवला, खोतांपुढे सरकवला, आणि नावाच्या जागी बोट टेकवलं.

"आता म्होरं 'पै.' लिव."

खोतांनी पेन उचललं. खाली मान घालूनच विचारलं, "कुनाच्या म्होरं?"

"दोघांच्याबी," यल्लव्वा म्हणाली.